निळीच्या पानात निळा रंग नसतोच! कुंडीतली नीळ आणि हवेचा सगळा खेळ

निळीचं झाड पहिल्यांदा बघितलं की बहुतेकांचा चेहराच पडतो. कंबरभर उंचीचं साधं झुडूप, बारीक बारीक हिरवी पानं, गुलाबीसर फुलांचे छोटे तुरे, आणि निळं म्हणावं असं त्यात कुठ्ठेच काही नाही. पान चुरगाळलं तरी हाताला हिरवाच रस लागतो, मग लोकांना वाटतं नर्सरीवाल्याने भलतंच झाड गळ्यात मारलं. तर तसं नसतं हो. निळीच्या जिवंत पानात निळा रंग नसतोच, तो नंतर बनतो, आणि बनतो तो हवेमुळे. एवढी एक गोष्ट डोक्यात नीट बसली ना, की मग पाला कधी कापायचा, किती वेळ भिजवायचा, घुसळायचं कधी आणि अजिबात हलवायचं नाही ते कधी, केसांना कुठली पावडर आणि कापडाला कुठली, हे सगळं आपलं आपल्याला कळायला लागतं. नाहीतर यूट्यूबवर दहा जणांच्या दहा पद्धती बघून नुसता गोंधळ होतो.

थोडी केमिस्ट्री सांगतो, घाबरू नका. पानात असतं त्याचं नाव इंडिकन. त्याला रंग नाही, पाण्यात विरघळतं, आणि ते दोन गोष्टी चिकटून झालेलं असतं, एक इंडॉक्सिल आणि दुसरी साधी ग्लुकोज साखर. पान जिवंत असतं तोवर हे इंडिकन पेशीच्या एका कप्प्यात आणि त्याला तोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात, दोघांची भेटच होत नाही. पान पाण्यात भिजून मऊ पडलं की कप्पे फुटतात, एन्झाइम साखर तोडून बाजूला काढतं आणि इंडॉक्सिल मोकळं सुटतं. ह्या इंडॉक्सिलला हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचे दोन दोन रेणू जोडले जातात आणि तयार होतं इंडिगोटिन, म्हणजे खरी नीळ. वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं, साधारण त्याच जातीचा प्रकार.

आता पुढची गंमत. ही तयार झालेली नीळ पाण्यात विरघळत नाही, कितीही उकळा, तळाशी गाळ होऊन बसते. विरघळत नाही म्हणजे धाग्यात शिरत नाही, नुसती वरवर लागते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. म्हणून रंगाऱ्याला उलटा प्रवास करावा लागतो, चुन्याच्या पाण्यात तिच्यावरचा ऑक्सिजनचा परिणाम काढून टाकायचा, की ती पिवळट हिरवी होते आणि विरघळते, मग त्यात कापड बुडवायचं, बाहेर काढून हवा दाखवायची, की ती धाग्याच्या आतच परत निळी होते आणि तिथेच अडकून बसते. म्हणजे आधी हवा टाळायची, मग द्यायची, मग काढून घ्यायची, मग परत द्यायची. झालं, एवढंच आहे सगळं.

आधी झाड खरं आहे का ते बघा

आपल्याकडची नीळ म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरिया, जुन्या लोकांच्या तोंडी गुळी, आयुर्वेदात नीली. शेंगवर्गातली आहे, म्हणजे तूर हरभऱ्याची लांबची नातलग. निळा रंग देणारं हे एकच झाड आहे असंही नाही, जपानमध्ये वेगळी वनस्पती आहे, युरोपात वोड नावाची कोबीच्या कुळातली वनस्पती होती, ईशान्य भारतात तिसरंच झाड वापरतात, आणि आपल्या काळ्या कुड्याच्या पानांतूनसुद्धा नीळ निघते. कुळं वेगवेगळी पण शेवटी मिळणारी नीळ सगळीकडे तीच.

फसगत होते ती शरपुंख्याशी. ह्याला काही भागात उन्हाळी म्हणतात, माळावर भरपूर असतं, पानंफुलं लांबून अगदी निळीसारखी दिसतात आणि कधीकधी रानटी नीळ म्हणून विकलंही जातं. ओळखायची सोपी खूण म्हणजे एक छोटी पर्णिका घ्या आणि टोकाला धरून हळूच ओढा, शरपुंख्याची पर्णिका बरोब्बर इंग्रजी व्हीच्या आकारात तुटते, बाणाच्या शेपटासारखी दिसते. निळीची अशी तुटत नाही. शेंगाही बघा, निळीच्या शेंगा बारीक, गोलसर, किंचित वाकलेल्या आणि झुपक्याने येतात, शरपुंख्याच्या चपट्या असतात.

गोकर्णाच्या फुलांचा निळा चहा रीलमध्ये फार फिरतो, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, तो रंग पाण्यात विरघळणारा, लिंबू पिळलं की जांभळा होणारा, कापडावर टिकत नाही. आणि पांढऱ्या कपड्यांना घालायची आजीची ती नीळ पावडर, ती अल्ट्रामरिन, कारखान्यात बनलेली खनिज पूड, झाडाची नाही. ती केसांना लावू नका एवढंच.

लागवड

झाड एकदम काटक आहे, नखरे नाहीत. फक्त बी हट्टी. वरचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत जातच नाही, नुसतं मातीत टाकलं तर काही उगवतात आणि बाकीची महिनोन् महिने तशीच पडून राहतात. म्हणून बी बारीक पॉलिश पेपरवर हलकं घासून घ्यायचं, किंवा गरम पाण्यात, उकळतं नाही हं, गॅसवरून उतरवून थोडं निवलेलं, त्यात टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी जी फुगलेली दिसतील ती पेरायची, जी तशीच कडक राहिलीत त्यांना परत एकदा तोच उपचार. फुगलेलं बी आठवड्याभरात वर येतं.

पेरायची वेळ म्हणजे जूनमधला पहिला पाऊस झाल्यावर किंवा पाणी द्यायची सोय असेल तर फेब्रुवारी मार्च. कुंडी मोठी घ्या, बारा इंची तरी, किंवा ग्रो बॅग, कारण मूळ खोल जातं. ऊन पूर्ण हवं, सावलीत झाड नुसतं लांबुडकं होतं. एका गोष्टीचा मात्र त्याला मनापासून तिटकारा, साचलेलं पाणी. कोकणात किंवा पुण्याच्या धो धो जुलैमध्ये कुंडीची भोकं बुजली तर चार दिवसांत पिवळं पडून मान टाकतं, त्यामुळे मातीत वाळू किंवा विटांचा चुरा घाला, जमिनीत लावत असाल आणि काळी चिकण माती असेल तर उंच वाफा करून लावा. लाल माती असेल तर प्रश्नच नाही.

खताचं म्हणाल तर थोडं शेणखत पुरे. युरिया तर नकोच, कारण ह्याच्या मुळांवर रायझोबियम नावाच्या जंतूंच्या गाठी असतात आणि त्या हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात (इथेही हवाच बघा). झाड उपटाल तेव्हा मुळं धुवून बघा, मोहरीएवढ्या गाठी दिसतील, नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसलं तर गाठ काम करतेय समजा. मावा आणि पिठ्या ढेकूण येतात कधीकधी, नीमतेल मारलं की जातात.

पाला कापायचा तो फुलं येण्याच्या तोंडावर, पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांनी, तेव्हा पानात इंडिकन भरपूर असतं, नंतर झाड शेंगांच्या मागे लागतं. सकाळी लवकर कापा, जमिनीपासून वीतभर खोड ठेवून, मग परत फुटवे येतात आणि दीड दोन महिन्यांत दुसरी कापणी मिळते. आणि एक, कापून आणलेला पाला पिशवीत कोंबून संध्याकाळपर्यंत ठेवायचा नाही. तो आतल्या आत गरम होतो, पेशी फुटतात आणि पानातल्या पानातच नीळ बनून वाया जाते. हिरव्या पाल्यावर निळसर काळे डाग दिसायला लागले तर तेच झालंय.

बरणीतली परीक्षा

मोठा घाट घालण्याआधी एक छोटा प्रयोग करा, मुलांना दाखवायलाही मस्त आहे. काचेच्या बरणीत दोन मुठी ताजी पानं, बरणी गळ्यापर्यंत कोमट पाण्याने भरायची, पानं पाण्याखाली राहतील अशी दाबायची, झाकण लावून उबदार जागी एक रात्र. सकाळी पाणी हिरवट पिवळं झालेलं असतं आणि उजेडात धरलं की विचित्र चमकतं, वर तांबूस साय दिसते. पानं काढून टाका, विड्याच्या पानाला लावतो तो चुना चिमूटभर घाला, झाकण घट्ट लावा आणि दणादण हलवा. फेस आधी हिरवा, मग एकदम निळा होतो. निळा फेस आला नाही तर झाड तरी खोटं किंवा पाला जून झालेला.

नीळ काढणे

हेच मोठ्या बादलीत करायचं. पाला देठांसकट बादलीत, वरून ताट आणि दगड ठेवून दाबायचा, पाणी अगदी काठापर्यंत, कारण इथे हवा नको आहे. आपल्या उन्हाळी पावसाळी हवेत बारा ते सोळा तास पुरतात, थंडीत पूर्ण दिवसही लागतो. घड्याळापेक्षा नाकावर विश्वास ठेवा, आधी गोडसर आंबूस वास येतो, तेव्हा काढायचं, गोठ्यासारखा वास यायला लागला तर उशीर झाला, पाला कुजतोय आणि नीळ हातची चाललीय. पाला पिळून काढा, तो कंपोस्टमध्ये टाका, उत्तम खत होतं.

उरलेल्या पाण्यात चुन्याची निवळी घालायची, पाच लिटरला दोन छोटे चमचे चुना, आधी वाटीत पाण्यात कालवून. आणि मग ह्या पाण्याला हवा खिलवायची. दोन बादल्या घ्यायच्या आणि ह्यातून त्यात, त्यातून ह्यात, उंचावरून ओतत राहायचं, वीस मिनिटं, अर्धा तास, हात भरून येतो. फेस निळा होतो, वाढतो, आणि मग एका क्षणी पांढरट होऊन बसायला लागतो, तिथे थांबायचं. तमिळनाडूत तिंडीवनमच्या आसपास अजून नीळ पिकवतात आणि काढतात, तिथे हेच काम मोठ्या हौदांत चालतं, वरच्या हौदात पाला भिजतो, पाणी खालच्या हौदात सोडतात आणि माणसं हौदात उतरून ते घुसळतात. तत्त्व तेच, आपली बादली लहान एवढंच.

रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी निळा गाळ आणि वर चहाच्या रंगाचं पाणी, ते पाणी हळूच ओतून टाका, गाळ जाड सुती फडक्यातून गाळा. सुकवून वड्या करा किंवा तसाच ओला वापरा. आता खरं सांगतो, किलोभर ताज्या पाल्यातून हाती लागते साधारण २ ते ५ ग्रॅम नीळ. आणि कुंडीतलं झाड एका कापणीला शे दोनशे ग्रॅम पाला देतं. म्हणजे गच्चीवरच्या निळीतून जीन्स रंगवायची स्वप्नं बघू नका, रुमाल, लहान मुलाचं झबलं, फारतर एखादा स्टोल. त्यात मजा आहे, पण गणित आधीच माहीत असलेलं बरं.

ह्याच गणितामुळे जुन्या काळात निळीला एवढी जमीन लागायची आणि तिथून सगळा इतिहास सुरू होतो. बंगालमध्ये साहेब मळेवाले शेतकऱ्याला उचल द्यायचे आणि त्याच्या चांगल्या जमिनीत भाताऐवजी नीळ लावायला भाग पाडायचे, उचल कधी फिटायचीच नाही. १८५९ साली नदिया भागात शेतकऱ्यांनी नीळ पेरायला साफ नकार दिला, आणि पुढच्याच वर्षी दीनबंधू मित्रांचं नीलदर्पण नाटक आलं. बिहारच्या चंपारणात तीनकठिया पद्धत होती, कठ्ठा हे तिकडचं जमिनीचं माप, वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे निळीला द्यायचेच. तिकडे जर्मनीत आडोल्फ फॉन बायरनी प्रयोगशाळेत हाच रेणू बनवून दाखवला होता आणि १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली. झाडाच्या निळीचे भाव पडले. आता कुणाला वाटेल शेतकरी सुटला, तर मळेवाल्यांनी काय केलं, निळीच्या सक्तीतून तुला मोकळं करतो म्हणून जमिनीचा खंड वाढवून घेतला, नाहीतर एकरकमी पैसे वसूल केले. नुकसान त्यांचं, भरपाई शेतकऱ्याकडून. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते ह्या सगळ्या भानगडीत. आज जीन्सना वापरतात ती जवळपास सगळी कारखान्यातलीच.

कापड रंगवणे

आता हवा काढून घ्यायची पाळी. मोठे उद्योग ह्यासाठी हायड्रोस आणि कॉस्टिक सोडा ही कडक रसायनं वापरतात, घरात त्याच्या वाटेला जाऊ नका, वास आणि धोका दोन्ही वाईट. घरी चालते ती साखरेची पद्धत. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं, एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज. एक लिटरच्या बरणीला ५ ग्रॅम नीळ, १० ग्रॅम चुना, १५ ग्रॅम फ्रुक्टोज, पाणी चांगलं गरम, हात जेमतेम घालवेल इतकं. फ्रुक्टोज पावडर ऑनलाइन मिळते. गुळावरही जमतं, पण जास्त लागतो आणि वेळ खातो, पिकलेली केळी, खजूर ह्यांचं पाणीही लोक वापरतात. साखरेचं काम काय तर निळीवरचा ऑक्सिजन उतरवणं, चुन्याचं काम पाणी अल्कली ठेवणं.

दक्षिणेतल्या जुन्या रंगाऱ्यांची युक्ती मला सगळ्यात आवडते. ते चुन्याच्या पाण्यात टाकळ्याचं शिजवलेलं बी घालून रांजण आंबवायचे. हो, तोच टाकळा, पावसाळ्यात रस्त्याकडेला माजतो आणि ज्याची आपण भाजी करतो. बी आंबताना त्यातले जंतू पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात, मग नीळ विरघळते, म्हणजे एक पैशाचं केमिकल नाही. पण असा रांजण सांभाळणं म्हणजे रोज त्याच्याकडे बघणं आलं. आपल्याकडे नगर, सोलापूर भागात निळीचं रंगकाम करणारे निराळी लोक होते, मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये त्यांची नोंद सापडते, पिढ्यानपिढ्या त्यांचा हाच धंदा. हौशी माणसाने साखरेवरच सुरुवात करावी असं माझं मत.

मिश्रण हळू ढवळा, खळखळ करून नाही, आणि तासभर झाकून ठेवा. तयार झालं की वर तांबूस चकाकी असते, मधे निळे बुडबुडे, आणि चमच्याने खालचं पाणी काढून पाहिलं तर ते पिवळट तपकिरी, स्वच्छ. पाणीच निळं दिसत असेल तर अजून व्हायचंय, थोडी उष्णता द्या, थोडं फ्रुक्टोज घाला, थांबा.

कापड सुती, मांजरपाट असेल तर छान, पण नव्या कापडाची खळ पूर्ण निघायला हवी, धुण्याच्या सोड्यात उकळून घ्या. कापड ओलं करून, पिळून, हळूच बुडवा, आत हवेचे बुडबुडे जाऊ न देता, कारण एकेक बुडबुडा तिथली नीळ वाया घालवतो. दोन तीन मिनिटं, बस्स. बाहेर काढलं की कापड पोपटी दिसतं, आणि मग तुमच्या डोळ्यांदेखत घड्यांच्या कडांपासून हिरवं, मोरपंखी, निळं होत जातं. घडीच्या आतला भाग हिरवाच राहतो, उलगडली की तोही निळा. हे कितीदा बघितलं तरी कंटाळा येत नाही. पूर्ण निळं झाल्यावर परत बुडवा. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, गडद रंग हवा म्हणून कापड तासभर आत ठेवतात. गडदपणा येतो तो बुडवण्याच्या संख्येने, वेळेने नाही, प्रत्येक वेळी हवा खाऊन एक एक थर चढतो. हे थर धाग्याच्या वरच्या बाजूलाच जास्त बसतात, म्हणून तर घासून घासून जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते.

तुरटी बिरटी लावायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या पाण्यातून काढून स्वच्छ धुवा. लोकर आणि रेशमाला जास्त चुना सोसत नाही, ती सुरुवातीला नकोच. आणि हातमोजे घाला, डोळे सांभाळा, चुना आहे शेवटी.

केसांसाठी

बहुतेक लोकांना खरं म्हणजे ह्यातच रस असतो. इथे एक घोळ कायम होतो तो आधी सोडवतो. केसांना लागते ती पाल्याची हिरवी पावडर, ज्यात नीळ अजून बनायची आहे. कापडाला लागते ती बनून तयार झालेली निळी पूड. निळी पूड केसांना लावली तर काही होणार नाही कारण ती विरघळतच नाही, आणि पाल्याच्या पावडरीने वरची बरणी नीट जमणार नाही. मागवताना बघून मागवा.

घरी पावडर करायची तर पाला सावलीत, वारा खेळेल असा पातळ पसरून लवकरात लवकर सुकवा, मिक्सरमध्ये वाटून वस्त्रगाळ करा, हवाबंद डब्यात अंधारात ठेवा. रंग हिरवा राहिला पाहिजे. आधी केसांना मेंदी, ती धुवून मग नीळ. मेंदीला लिंबू, चहा काय काय घालतात, निळीला काही नको, फक्त कोमट पाणी. उकळतं पाणी घातलं तर ते एन्झाइमच मरतं आणि मग नुसता पालेभाजीचा लगदा लावल्यासारखं. कालवून दहा पंधरा मिनिटांत लावायला घ्या, कारण इंडॉक्सिल सुटायला लागलंय आणि हवा त्याची वाटच बघतेय, ते केसात शिरून तिथे निळं व्हायला हवं, वाटीत नाही. मेंदी रात्रभर भिजवतात तशी नीळ भिजवली तर गेली कामातून. तास दीड तासाने नुसत्या पाण्याने धुवा. पहिल्या दिवशी केस हिरवट दिसले तर घाबरू नका, एक दोन दिवसांत रंग मुरून काळपट होतो. पांढऱ्या केसांवर मेंदीशिवाय नुसती नीळ लावली तर मात्र निळसर हिरवी झाक राहू शकते. हाताच्या आतल्या बाजूला थोडी लावून आधी ॲलर्जी तपासा, आणि काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत बरेचदा पीपीडी नावाचं केमिकल असतं, मागची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका.

पुढच्या वर्षीसाठी एक दोन झाडं न कापता सोडा. शेंगा तपकिरी झाल्या की तडकून बी उडायच्या आत तोडा, कागदी पिशवीत सुकवा, पिशवीतच चुरगाळली की बारीक चौकोनी दाणे सुटतात. कोरड्या डब्यात हे बी काही वर्षं टिकतं. आणि जी तुमच्या नजरेतून सुटून कुंडीत पडतील ती पुढच्या पावसाळ्यात स्वतःहून उगवतील, त्यांना कुणी पॉलिश पेपर लावलेला नसतो तरीही.